पेटी, ढोलकी आणि आपला आवाज
उपासनेतील वाद्ये व संगीतातील नेहमीचे शब्द यांची ओळख



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी संध्याकाळच्या मिस्सेला अर्पणगीत चालू असताना वीज गेली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात पावसाळ्यात वीज जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. पण त्या दिवशी जे घडले ते आम्हां गायनवृंदातील सर्वांच्या मनाला लागून राहिले आहे. कीबोर्ड बंद पडला, माइक बंद पडला आणि त्यांच्याबरोबर सगळे चर्च गप्प झाले. गीत अर्ध्यावरच तुटले. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. शेवटी तिसऱ्या बाकावरच्या एका आजींनी आपल्या थरथरत्या आवाजात पालुपद धरले, तेव्हा कुठे दुसऱ्या ओळीपासून लोक गाऊ लागले.

मिस्सेनंतर आम्ही वस्त्रागारातील कपाट उघडून जुनी पेटी बाहेर काढली. भात्याची कड उंदराने कुरतडली होती आणि दोन पट्ट्या दाबल्या तर वर येत नव्हत्या. तरीही एकाने ती मांडीसमोर घेतली आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाला विचारले, "बाळा, मघाशी पट्टी कुठली धरली होतीस?" तो म्हणाला, "अंकल, सी शार्प." "अरे, ते तुझं सी शार्प राहू दे. काळी एक की काळी दोन ते सांग." "अंकल, ते मला माहीत नाही." यावर दहा मिनिटे वाद झाला. दोघेही एकाच सुराबद्दल बोलत होते, हे नंतर लक्षात आले!

त्या संध्याकाळी आम्ही ठरवले की आपल्या धर्मग्रामासाठी वाद्यांचा आणि संगीतातील साध्या शब्दांचा एक छोटासा पाठ लिहावा. हा पाठ फक्त गाणाऱ्यांसाठी नाही. बाकावर बसून ऐकणाऱ्यांसाठी तो जास्त आहे. कारण मिस्सेतील गायन हे मुळात त्यांचेच आहे.

पवित्र शास्त्रातील वाद्ये

उत्पत्तीच्या पुस्तकात चौथ्या अध्यायातच वाद्ये येतात. वीणा आणि बासरी वाजवणाऱ्यांचा मूळ पुरुष म्हणून तेथे युबालाचे नाव दिले आहे. शौल राजाचे मन अस्वस्थ होई तेव्हा तरुण दावीद त्याच्यासमोर वीणा वाजवी आणि राजाला आराम पडे, हे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आपण वाचतो. दाविदाने कोशापुढे गाण्यासाठी लेवी नेमले, त्यांत आसाफ झांजा वाजवणारा होता. बाबेलच्या बंदिवासात मात्र देवाच्या लोकांनी आपल्या वीणा झाडांना टांगून ठेवल्या, असे 137 वे स्तोत्र सांगते. वाद्य मुके झाले की लोकांचे दुःख किती खोल आहे ते कळते.

स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे आहेत आणि ती सगळी गाण्यासाठीच रचलेली आहेत. पुष्कळ स्तोत्रांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत सूचना असतात, त्या आपण वाचताना वगळतो. 4 थे स्तोत्र तंतुवाद्यांबरोबर गावे, 5 वे बासरीबरोबर गावे, अशा त्या सूचना आहेत. 'सेला' हा शब्द स्तोत्रांमध्ये 71 वेळा येतो. त्याचा अर्थ आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण तो गाण्यातील विश्रांतीची किंवा वाद्ये वाजवण्याची खूण असावी असे पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे संगीताची परिभाषा बायबलमध्येच आहे. शेवटच्या 150 व्या स्तोत्रात तर कर्णा, वीणा, सारंगी, डफ, बासरी आणि झांजा अशी सगळी वाद्ये देवाच्या स्तुतीसाठी एकत्र बोलावली आहेत.

पण संत पौल करिंथकरांना लिहिताना सावधही करतो. प्रीती नसेल तर माणूस नुसता वाजणाऱ्या पितळेसारखा आहे, असे तो म्हणतो. गायनवृंदातील प्रत्येकाने हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वाद्यांचे चार घराणे

आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. आवाज कशातून निघतो, यावरून हे प्रकार पडतात.

1. तंतुवाद्ये : तार छेडून किंवा गजाने घासून वाजणारी. उदा. तंबोरा, सतार, गिटार, व्हायोलिन.
2. सुषिर वाद्ये : हवेने वाजणारी. उदा. बासरी, सनई, कर्णा, ट्रंपेट. आपली पेटी आणि मोठ्या चर्चमधील पाइप ऑर्गनही यातच मोडतात, कारण भात्याच्या हवेशिवाय दोन्ही मुकी आहेत.
3. अवनद्ध वाद्ये : चामडे मढवलेली. उदा. तबला, ढोलकी, मृदंग, डफ, घुमट.
4. घन वाद्ये : स्वतः आपटून वाजणारी धातूची किंवा लाकडाची. उदा. टाळ, झांजा, चिपळ्या, घंटा. वेदीसमोर वाजणारी आपली छोटी घंटाही घनवाद्यच आहे.

1914 साली एरिक फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स या दोन युरोपीय अभ्यासकांनी जगभरच्या वाद्यांची वर्गवारी केली, तीही अशीच चार भागांची निघाली. पुढे विजेवर चालणाऱ्या वाद्यांसाठी पाचवा वर्ग जोडावा लागला. आपला कीबोर्ड या पाचव्या घराण्यातला आहे. आता 150 वे स्तोत्र पुन्हा वाचा. चारही जुन्या घराण्यांतील वाद्ये त्यात सापडतील.

महाराष्ट्रात तंतुवाद्यांचे माहेरघर म्हणजे मिरज. एकोणिसाव्या शतकापासून तेथे सतार आणि तंबोरे बनत आले आहेत. त्यांसाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

पेटीची गोष्ट

आपल्याला वाटते पेटी म्हणजे अस्सल देशी वाद्य. खरे तर ती युरोपातून आली आणि तिचे चर्चशी जुने नाते आहे. 1842 साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबॅं यांनी हार्मोनियमचे पेटंट घेतले. पाइप ऑर्गन अवाढव्य आणि महाग. लहान गावातील चर्चला तो परवडत नसे. पायाने भाता चालवायचे हे वाद्य त्याच्या जागी वापरता येऊ लागले आणि मिशनऱ्यांबरोबर ते भारतात आले. येथे आपण खाली बसून गाणारे लोक. कोलकत्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास हाताने भाता मारण्याची सुटसुटीत पेटी तयार केली. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने सूर आणि मांडी घालून बैठक! पुढे कीर्तनात, भजनात आणि मराठी संगीत नाटकात ती अशी रुळली की तिचे परकेपण कोणाला आठवेना.

पेटीच्या आत पितळेच्या बारीक पत्त्या असतात. पट्टी दाबली की तिच्याखालचे भोक उघडते, भात्यातील हवा पत्तीवरून जाते, पत्ती थरथरते आणि सूर निघतो. लांब पत्तीचा सूर खालचा, आखूड पत्तीचा वरचा. इतके साधे हे यंत्र आहे.

पेटीला वाईट दिवसही आले. तिचे सूर ठरलेले असतात. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही, म्हणून 1940 मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती बंदी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सैल झाली नाही. पण गावोगावच्या भजनात आणि चर्चमध्ये पेटी वाजतच राहिली. सामान्य माणसाला सूर धरून ठेवायला ती आधार देते, हे तिचे खरे काम तिने सोडले नाही.

आपल्या लोकांची संगीतपरंपरा

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेज्वीट धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्यांनी तारणाचा इतिहास ओवीत लिहिला, कारण ओवी गाता येते आणि गायलेले लक्षात राहते. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861-1919) यांनी ख्रिस्ती भजन आणि कीर्तन मराठी घरांत नेले. आज कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असे दोघेही त्यांची गीते गातात. अंधेरीच्या ज्ञान आश्रमातील देववचन संघाचे फादर जॉर्ज प्रोक्श यांनी भारतीय रागांवर आधारित उपासना-गीतांचे मोठे काम केले.

गोव्याची गोष्ट वेगळी. तेथे पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. चर्चचा संगीतशिक्षक म्हणजे 'मेस्त्री'. या शाळांतून शिकलेले कितीतरी गोवेकर वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927-2012) हे त्यांतले एक. त्यांचे वडीलही चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू. 1958 मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय रागांवर आधारलेला मोठ्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे गायले. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील ते प्रसिद्ध गाणे ऐकताना आपल्या मुलांना सांगा की हे नाव एका खऱ्या संगीतशिक्षकाचे आहे आणि त्याचे पहिले धडे चर्चच्या छायेत गिरवले गेले.

घुमट हे गोव्याचे मातीचे वाद्य. मडक्याच्या एका तोंडाला चामडे मढवायचे, दुसरे तोंड हाताने उघडझाप करायचे. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत. वन्यजीव कायद्यामुळे आता बकरीचे लावतात. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला. मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन बांधवांच्या लग्नातही घुमट वाजते, हे आपल्यातील पुष्कळांनी ऐकले असेल.

नेहमीचे शब्द

आता थोडे शब्द शिकू या. हे शब्द आले की पेटीवाला आणि कीबोर्डवाला एकमेकांशी बोलू शकतील.

स्वर : सा, रे, ग, म, प, ध, नी हे सात स्वर. षड्ज, ऋषभ, गांधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद ही त्यांची पूर्ण नावे. पाश्चात्त्य पद्धतीतही सातच स्वर आहेत: दो, रे, मी, फा, सोल, ला, सी. या नावांची गोष्ट आपल्या चर्चच्या इतिहासातली आहे. अकराव्या शतकात इटलीत ग्विदो नावाचे बेनेडिक्टाइन संन्यासी होते. मुलांना गीते पाठ करायला वर्षे लागत. संत योहान बाप्तिस्त याच्या एका लॅटिन गीताची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वरून सुरू होते, हे त्यांनी हेरले आणि ओळींची पहिली अक्षरे स्वरांची नावे म्हणून वापरली. पहिले अक्षर 'उत' होते, त्याचे पुढे 'दो' झाले. सातव्या स्वराचे 'सी' हे नाव नंतर जोडले गेले.

सप्तक : सा पासून नी पर्यंतचा एक संच. खालचे मंद्र, मधले मध्य, वरचे तार.

शुद्ध, कोमल, तीव्र : रे, ग, ध, नी हे आपल्या जागेवरून खाली उतरले की कोमल होतात. म वर चढला की तीव्र होतो. सा आणि प कधीही हलत नाहीत. असे एकूण बारा स्वर. पेटीवर एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या असतात, त्या याच बारा.

आरोह, अवरोह : स्वर चढत जाणे आणि उतरत येणे.

पट्टी : ज्या सुराला आपण 'सा' मानतो ती पट्टी. आमचा वाद झाला तो येथेच. म्हणून हा तक्ता कापून पेटीवर चिकटवा:

पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प
पांढरी दोन म्हणजे डी, काळी दोन म्हणजे डी शार्प
पांढरी तीन म्हणजे ई
पांढरी चार म्हणजे एफ, काळी तीन म्हणजे एफ शार्प
पांढरी पाच म्हणजे जी, काळी चार म्हणजे जी शार्प
पांढरी सहा म्हणजे ए, काळी पाच म्हणजे ए शार्प
पांढरी सात म्हणजे बी

पांढरी एकला सा धरला तर सातही शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. यालाच आपल्याकडे बिलावल थाट म्हणतात आणि कीबोर्डवाले सी मेजर म्हणतात. काळी एकला सा धरला तर पाचही काळ्या पट्ट्या आणि दोन पांढऱ्या लागतात. हात बसेपर्यंत त्रास होतो, म्हणून नवशिके कीबोर्डवर ट्रान्स्पोजचे बटण दाबून पांढऱ्या पट्ट्यांवरच वाजवतात. त्यात चूक काही नाही. फक्त मिस्सा सुरू होण्यापूर्वी ते बटण शून्यावर आहे की नाही, ते पाहावे!

लय, मात्रा, ताल : लय म्हणजे गाण्याची चाल संथ आहे की जलद. विलंबित, मध्य आणि द्रुत असे तिचे तीन प्रकार. मात्रा म्हणजे ती मोजण्याचे एकक. ठरावीक मात्रांचा पुन्हा पुन्हा फिरणारा गट म्हणजे ताल. एक फेरी झाली की एक आवर्तन. आवर्तनाची पहिली मात्रा ती सम. आपली बहुतेक गीते दोनच तालांत बसतात. केरवा आठ मात्रांचा : धा गे ना ती, न क धी ना. दादरा सहा मात्रांचा : धा धी ना, धा ती ना. टाळ्या वाजवून मोजून पाहा. चार-चार पडले तर केरवा, तीन-तीन पडले तर दादरा.

पालुपद आणि अंतरा : पुन्हा पुन्हा येणारी ओळ ते पालुपद किंवा ध्रुवपद. मधली कडवी ते अंतरे. मिस्सेतील प्रतिसाद स्तोत्राची रचना अशीच आहे. कडवी गायकाची, प्रतिसाद सर्वांचा.

मेलडी आणि हार्मनी : एकामागून एक येणाऱ्या स्वरांची चाल ती मेलडी. एकाच वेळी अनेक स्वर मिळून वाजणे ती हार्मनी. तीन-चार स्वरांचा असा गट म्हणजे कॉर्ड. भजनाचा जीव मेलडीत असतो. त्यावर कॉर्डचा मारा केला तर चाल बुडते.

ख्रिस्तसभा काय सांगते?

संत दहावे पायस यांनी 22 नोव्हेंबर 1903 रोजी, संगीतकारांची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, चर्चमधील संगीताविषयी आज्ञापत्र काढले. त्यात पियानो आणि ढोल-झांजांसारख्या वाद्यांना मनाई होती. त्यानंतर साठ वर्षांनी, 4 डिसेंबर 1963 रोजी, द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेचा उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. पाइप ऑर्गनला त्याने मानाचे स्थान दिले, पण पवित्र कार्याला साजेशी इतर वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतील असे सांगितले. मिशन देशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेचा मान राखावा, असेही त्यात आहे. आपली ढोलकी वेदीजवळ आली ती या दारातून.

1967 च्या 'मुझिकाम साक्राम' या सूचनापत्रात दोन नियम आहेत, ते आम्ही स्वतःलाच वाचून दाखवले. पहिला, वाद्याचा आवाज गाणाऱ्यांच्या आवाजावर चढू नये आणि शब्द ऐकू येणे कठीण होऊ नये. दुसरा, धर्मगुरू आपली प्रार्थना मोठ्याने म्हणत असताना वाद्ये बंद असावीत.

काळाप्रमाणेही नियम आहेत. आगमनकाळात वाद्ये बेताने वाजवावीत, म्हणजे नाताळचा आनंद आधीच संपून जात नाही. प्रायश्चित्तकाळात वाद्ये फक्त गायनाला आधार देण्यापुरती. त्याला अपवाद या काळातील चौथ्या रविवारचा आणि मोठ्या सणांचा. पवित्र गुरुवारी 'देवाला गौरव' झाल्यावर घंटा थांबतात, त्या पुनरुत्थानाच्या जागरणविधीत पुन्हा 'देवाला गौरव' होईपर्यंत. मधल्या काळात वाद्ये वाजलीच तर गायनाला आधार म्हणूनच. त्या शांततेनंतर पेटी, ढोलकी, घंटा सगळ्या एकदम वाजतात तेव्हा लहान मुलालाही कळते की थडगे रिकामे आहे.

लोकलमधील धडा

आता आमच्या मनातील खरी गोष्ट. आपल्यातील कितीतरी जण रोज सकाळी बदलापूर किंवा अंबरनाथहून मुंबईकडे जाणारी लोकल पकडतात. त्या गाड्यांतील भजनी मंडळे आपण सर्वांनी ऐकली आहेत. उभे राहायला जागा नसते. माइक नसतो. कोणाच्या हातात टाळ, कोणाच्या मांडीत ढोलकी. तरी अख्खा डबा गातो. आणि आपल्या चर्चमध्ये महागडा स्पीकर असून बाकांवर शांतता! असे का होते, यावर आम्ही विचार केला.

डब्यात पुढचा एक ओळ म्हणतो आणि बाकीचे तीच ओळ पुन्हा म्हणतात. त्यामुळे पुस्तकाची गरज पडत नाही. पट्टी सगळ्यांना झेपेल अशी असते. वाद्य आवाजाच्या मागून चालते, पुढे धावत नाही. आणि ऐकायला म्हणून कोणी वेगळा बसलेला नसतो.

आम्ही याच्या उलट करत आलो आहोत, हे कबूल करतो. आमच्यातील चांगल्या गळ्याच्या बहिणींना शोभेल अशी पट्टी आम्ही धरतो आणि मागच्या बाकावरचे काका दुसऱ्या ओळीलाच सोडून देतात. सामान्य लोकांचा आवाज साधारणपणे पांढरी एक पासून वरच्या सप्तकातील पांढरी दोन पर्यंत आरामात फिरतो. पुरुष तेच एक सप्तक खाली गातात. समजा, एखादे गीत तार सप्तकातील ग पर्यंत चढते. काळी एकला सा धरला तर तो ग वरच्या पांढरी चारवर जातो. तो गायनवृंदाला जमेल, मंडळीला नाही. सा खाली आणून काळी पाचला धरला तर तोच ग पांढरी दोनवर येतो आणि सगळे गाऊ शकतात. दीड स्वराचाच फरक, पण त्यावर शेकडो माणसे गातील की गप्प बसतील ते ठरते.

कीबोर्डमधील तयार ठेक्याचेही तसेच. बटण दाबले की ठेका सुरू होतो आणि तो कोणासाठी थांबत नाही. आजी श्वास घ्यायला थांबल्या तर ढोलकीवाला थांबतो. यंत्राला आजी दिसत नाहीत. कीबोर्ड आम्हांला हवाच आहे. तो आमच्या तरुणांनी मेहनतीने शिकलेला आहे. पण ठेका माणसाच्या हाताचा असावा, असे आम्हांला वाटते. आज आपल्या धर्मग्रामात ढोलकी वाजवणारे दोघेच उरले आहेत आणि दोघांनीही साठी ओलांडली आहे. त्यांच्याकडून कोणी शिकले नाही तर पुढच्या दहा वर्षांत तो हात आपल्यातून जाईल. मग ठेक्यासाठी बटणाशिवाय काही राहणार नाही.

वाद्यांची निगा

आपल्याकडची हवा पावसाळ्यात फार दमट. पेटीचा भाता बंद करून ती लाकडी खोक्यात, जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावी. आत डांबरगोळ्या ठेवाव्यात. पेटीवर फुलदाणी किंवा पेटलेली मेणबत्ती ठेवू नये. ओलीने पट्ट्या फुगून अडकतात, आमच्या पेटीचे तेच झाले. आठवड्यातून एकदा तरी ती वाजवावी, कारण न वाजवलेली पेटी लवकर बिघडते. तबला-ढोलकीच्या शाईवर ओला हात लावू नये. पावसात चामडे सैल पडते, म्हणून मिस्सेच्या अर्धा तास आधी येऊन सूर लावावा. टाळ वापरल्यावर कोरड्या फडक्याने पुसावेत.

आपण काय करू शकतो?

1. पेटीच्या दुरुस्तीचे काम आम्ही हाती घेतले आहे. तोपर्यंत कोणाच्या घरी माळ्यावर न वापरलेली पेटी किंवा ढोलकी पडून असेल तर आम्हांला सांगा.
2. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी मिस्सा सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे आम्ही प्रतिसाद आणि पालुपदे सर्वांकडून म्हणवून घेऊ. कृपया थोडे लवकर या.
3. मुलांना वाद्य शिकायला पाठवा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'प्रारंभिक' परीक्षेपासून सुरुवात करता येते. ढोलकीसाठी आपले दोन्ही ज्येष्ठ वादक विनामूल्य शिकवायला तयार आहेत.
4. महिन्यातून एका रविवारी एक गीत आम्ही कोणत्याही वाद्याशिवाय गाणार आहोत. वीज गेली आहे असे समजा आणि गा.

चिंतनासाठी प्रश्न : मिस्सेत मी गातो की ऐकतो? न गाण्याचे माझे कारण आवाज हे आहे की संकोच? माझ्या घरात शेवटचे भजन कधी गायले गेले?

त्या संध्याकाळी आजींनी पालुपद धरले तेव्हा त्यांची पट्टी कोणती होती, हे आम्ही नंतर पेटीवर तपासून पाहिले. ती कोणत्याच पट्टीत नीट बसत नव्हती, काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी होती. तरीही सगळे चर्च त्या सुराला लागले. सूर, ताल, पट्टी हे सर्व आपण जरूर शिकू या, कारण देवाला अर्पण करायचे ते नीट असावे. पण सुरुवात कोणीतरी तोंड उघडण्यापासूनच होते.

हे प्रभो, आमचे ओठ उघड, आमचे हात शिकव, आणि आमच्या वाद्यांपेक्षा आमची अंतःकरणे आधी सुरात लाव. आमेन.

तुमचा गायनवृंद